दुसरा फटका

अंकुशनं खिळ्यावरची केबल उतरवली तेव्हा मला वाटलं, ती गाडीत टाकायची राहिली असेल. मी फरशीवर बसून शार्पीची मान हातानं हळूहळू फिरवत होते. शार्पी म्हणजे स्टेजवर नाचणारा दिवा. खाली जड पेटी, पेटीवर दोन हात आणि त्या हातांच्या मध्ये दिव्याचं डोकं. आत मोटारी आणि रबरी पट्टे. चालू असताना हात गोल फिरतात, डोकं वर-खाली होतं, आणि प्रकाशाचा झोत आभाळात तलवारीसारखा फिरतो. बंद असताना मात्र ती वस्तू मान मोडलेल्या कोंबडीसारखी दिसते.

त्या एका शार्पीत दोष होता आणि तो मी आदल्या दिवशीच पकडला होता. वीज जोडलेली असताना दिव्याचे हात एका ठरावीक बाजूला वळले की माझ्या बोटांना मुंग्या यायच्या. पुढं वळवले की थांबायच्या. आतली वायर पेटीतून वर हातात जाते, ती फिरून फिरून घासली गेली होती आणि त्या एका कोनात तिचं उघडं तांबं लोखंडाला टेकत होतं. वायर बदलायची तर पेटीचा तळ उघडून सगळी मान उतरवावी लागते. तेवढा वेळ नव्हता. म्हणून मी म्हटलं की हा एक दिवा राहू दे, बाकीचे घेऊन जाऊ.

अंकुश म्हणाला की स्टेजच्या कडेला दिव्यांची ओळ मांडायची आहे, मधला एक नसला तर पडलेल्या दातासारखं दिसेल. मी म्हटलं, दिसू दे. वाक्य पुरतं बाहेरही पडलं नव्हतं, तोवर केबल पाठीवर बसली. जाड, दुहेरी घडी घातलेली, टोकाला लोखंडी क्लॅम्प असलेली केबल. दुसऱ्यांदा ती खांद्यावर आली आणि क्लॅम्प कानामागं लागला. मी शार्पीला मिठी मारल्यासारखी तिच्यावर वाकून राहिले. का, ते मलाही कळलं नाही. कदाचित काच फुटू नये म्हणून.

"मला शिकवायचं नाही," तो म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

बाहेर लतीफभाई जनरेटरच्या गाडीत डिझेल भरत होते. गाळ्याचं शटर उघडंच होतं. त्यांनी बघितलं, कॅनचं झाकण लावलं आणि गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेले. लतीफ मुलाणी आमच्याकडं लग्नाच्या आधीपासून होते. मला वैनी म्हणायचे. त्यांच्या घरून ईदला शिरखुर्मा यायचा आणि माझ्या हातची पुरणपोळी त्यांना आवडायची. पण असं काही सुरू झालं की ते गाडीच्या पलीकडं जायचे.

आमचा गाळा सांगोल्याच्या बाहेर, मिरज रस्त्याला. भाड्यानं लाइट देणं आणि बाकीच्या लाइटवाल्यांची बिघडलेली यंत्रं दुरुस्त करणं, असे दोन्ही धंदे होते. दुरुस्ती जास्त चालायची, कारण तेव्हा शार्पी उघडून बघायची हिंमत करणारा माणूस आजूबाजूच्या तालुक्यांत नव्हता. अंकुश मुंबईला एका मोठ्या लाइटवाल्याकडं राहून शिकून आला होता. त्याचा हात फार हलका होता. मोटारीच्या आतली ती केसाएवढी पातळ तार असते ना, ती तुटली तर लोक मोटार फेकून देतात. अंकुश ती जोडायचा. तोंडात सोल्डरिंगची तार धरून, श्वास रोखून.

मला हे सगळं त्यानंच शिकवलं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यानं माझ्यासमोर एक यंत्र पूर्ण उघडलं, प्रत्येक सुटा भाग माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, पद्मिनी, आता हे तू परत लाव. मी चुकले की हसायचा. धूळ कुठं बसते, पंखा कुठून अडकतो, पट्टा किती ताणायचा, हे सगळं त्यानं हातात हात धरून दाखवलं. त्या दिवसांबद्दल मला आजही खोटं बोलता येत नाही. ते दिवस चांगले होते.

मग पहिला मार बसला. एका कार्यक्रमात मी लोकांसमोर त्याची चूक दुरुस्त केली म्हणून. नंतर कारण लागलं नाही. लोक मला आडून विचारायचे, पितो का? नाही. अंकुश दारूला शिवत नव्हता. तंबाखूसुद्धा नाही. शुद्धीत मारायचा, मारून झाल्यावर हात धुवायचा आणि कामाला बसायचा. एकदा मी आतला बल्ब बदलताना घाई केली आणि नवा बल्ब फुटला, तर त्यानं नुकत्याच बंद केलेल्या शार्पीच्या आतल्या पत्र्यावर माझा डावा तळवा दाबून धरला होता. ते दिवे किती तापतात हे ज्याला माहीत आहे त्याला मी जास्त सांगायला नको. डाव्या कानानं मला कमी ऐकू येतं, तेही त्याच्याच हातानं. मुलीवर हात उठायला लागला तेव्हा मी अनुजाला माझ्या आईकडं जतला ठेवलं. शाळा चांगली आहे, असं सगळ्यांना सांगितलं.

तर त्या दिवशी आम्ही तो दिवा घेऊन निघालो. कार्यक्रम आटपाडीच्या पुढं एका मोठ्या गावात होता. तिथल्या पुढाऱ्याचा वाढदिवस आणि त्यानिमित्त नृत्यस्पर्धा. आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. मंडपवाले बांबू रचत होते, कुणी पाणी मारून मैदानाची धूळ बसवत होतं. लोखंडी पाइप जमिनीत गाडून स्टेज बांधलं होतं, वर प्लायवूड. लतीफभाईंनी जनरेटरची गाडी मंडपाच्या मागं, थोडी लांब लावली, कारण आवाज नको असं आयोजकांचं म्हणणं होतं, तरी तिची घरघर स्टेजवर कान भरून टाकायची.

मी पदर डोक्यावरून घेऊन कामाला लागले. कानामागचं रक्त वाळून केसांत चिकटलं होतं. मजुरांना ते दिसत असणार. दिसल्यावर माणसं जशी बघत नाहीत, तशी ती बघत नव्हती.

दिवे मांडून झाले. अंकुशनं जनरेटर सुरू करायला सांगितलं. शार्पीला वीज मिळाली की ती आधी स्वतःशीच मान फिरवून आपली जागा शोधते. सगळ्या एकदम फिरायला लागल्या आणि तो दिवा त्या कोनात आला तशी जनरेटरची ट्रिप पडली. सगळं बंद. लतीफभाईंनी पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. आयोजकांचा एक माणूस, पांढरा शर्ट आणि गळ्यात सोन्याची साखळी, खुर्चीवर बसून बघत होता. तो अंकुशला आडनावानं हाक मारून म्हणाला, "काय केदार, बायकोनं जोडणी केली काय?" आणि बाजूची पोरं हसली.

मी अंकुशजवळ जाऊन हळूच म्हटलं की तोच दिवा आहे, तेवढा काढून ठेवते, बाकीची ओळ थोडी पसरून मांडू, कुणाला कळणार नाही.

त्यानं मला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. उजव्या हातानं, पूर्ण फिरवून. मी स्टेजच्या पाइपवर आपटले आणि माझ्या तोंडात रक्ताची चव आली. खालच्या ओठाच्या आत दात घुसला होता. पांढऱ्या शर्टवाल्यानं मोबाइल काढला आणि बघायला लागला. हसणारी पोरं गप्प झाली, पण कुणी जागचं हललं नाही.

अंकुश स्टेजच्या खाली वाकला. तिथं सगळ्या दिव्यांच्या वायरी एका पेटीत जोडलेल्या होत्या. त्यानं त्या दिव्याच्या वायरीचा प्लग कापून टाकला, हिरवी वायर, म्हणजे अर्थिंगची, मागं दुमडून टाकली आणि उरलेल्या दोन वायरी दातांनी सोलून थेट आत कोंबल्या. अर्थिंग असलं की लोखंडात उतरलेली वीज जमिनीत जाते आणि ट्रिप पडते. ते काढलं की ट्रिप पडत नाही. वीज लोखंडातच बसून राहते, कुणीतरी हात लावायची वाट बघत.

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्यानंच तर मला शिकवलं होतं. पण त्या क्षणी त्याला फक्त ट्रिप पडू द्यायची नव्हती.

पुन्हा जनरेटर सुरू झाला. ट्रिप पडली नाही. सगळ्या शार्पी एका चालीत फिरल्या आणि पांढऱ्या शर्टवाल्यानं मान डोलावली. फक्त तो एक दिवा अर्ध्यात अडकला. मोटार गुरगुरत होती, मान वळत नव्हती. अंकुश स्टेजवर चढला, त्या दिव्यासमोर उकिडवा बसला. तोल सांभाळायला त्यानं डावा हात स्टेजच्या कडेच्या लोखंडी पाइपला धरला आणि उजव्या हातानं दिव्याचा हात पकडून तो जबरदस्तीनं वळवायला लागला.

मी स्टेजवरच, चार पावलांवर होते. तोंडातलं रक्त थुंकून पदरानं पुसत होते. मी म्हटलं, "तिकडं वळवू नका."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि वळवलं.

विजेचा धक्का बसलेला माणूस ओरडतो असं लोकांना वाटतं. तो ओरडत नाही. अंकुशचा जबडा आवळला गेला, डोळे मोठे झाले आणि सगळं अंग ताठ होऊन थरथरायला लागलं. त्याची बोटं त्या लोखंडावर मिटत गेली. सोडायची म्हटली तरी सोडता येत नाहीत, वीजच ती बोटं आवळून धरते. त्याच्या घशातून एक बारीक, गुरगुरणारा आवाज येत होता, आणि दिव्याच्या मोटारीचा आवाजही तसाच होता, त्यामुळं खाली उभ्या असलेल्यांना काही कळलंच नाही. त्यांना वाटलं तो जोर लावतोय.

मी "बंद करा" म्हणून ओरडले. जनरेटरच्या आवाजात ते खाली कुणाला ऐकू गेलं नाही. खाली जाऊन वायरी उपसायच्या तर स्टेजला वळसा घालून आत रांगावं लागलं असतं. अंकुशचे डोळे माझ्यावर होते. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याकडं काहीतरी मागत होते.

मी उभी राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. एखादा श्वास घेतला असेल. त्या श्वासात मी अनुजाचा विचार केला नाही, देवाचा केला नाही. डाव्या कानात जो कायम एक सूर वाजत असतो तेवढा फक्त ऐकू येत होता.

मग मंडपवाल्यांचा एक वाळका बांबू पडला होता तो मी उचलला. दोन्ही हातांनी धरला, डोक्याच्या वर नेला आणि त्याच्या उजव्या मनगटावर मारला.

हात सुटला. शार्पी कलंडली. अंकुश पाठीवर पडला, पाइपवरचा डावा हातही निसटला. तो प्लायवूडवर आडवा झाला आणि त्यानं मोठ्यानं, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा श्वास घेतला. एक, मग दुसरा. डोळे उघडे होते. छाती वर-खाली होत होती. उजवा हात बाजूला, तळवा वर, बोटं अजून आकड्यासारखी वळलेली. तळव्यावर एक काळा डाग पडला होता.

तो जिवंत आहे हे मी बघितलं. नीट बघितलं.

आणि बांबू पुन्हा वर नेला. या वेळी मी पाय फाकून, नीट उभी राहिले. खळ्यावर मळणी करताना उभं राहतात तशी. आणि त्याच हातावर, मनगट आणि कोपराच्या मध्ये, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून मारला. हाड मोडल्याचा आवाज जनरेटरच्या आवाजातही मला ऐकू आला. तेव्हा मात्र अंकुश ओरडला.

मी बांबू तिसऱ्यांदा उचलला होता. मागून कुणीतरी तो धरला. लतीफभाई होते. ट्रिप पडायची थांबली कशी, हे विचारायला ते स्टेजवर चढले होते. त्यांनी माझ्या हातातून बांबू हळूच काढून घेतला.

"बास, वैनी," ते म्हणाले. "बास झालं."

त्यांनी उडी मारून खाली जाऊन वायरी उपसल्या. मग माणसं धावत आली. ओरडाआरडा, पाणी, कुणी पायाचे तळवे घासतंय, कुणी कांदा आणतंय. पांढऱ्या शर्टवाल्याची गाडी होती, तिच्यात अंकुशला घातलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. सगळ्या वाटेत त्याचे डोळे मिटलेले होते आणि दात वाजत होते. गाडी खड्ड्यात आदळली की तो कण्हायचा. मी त्याचा मोडलेला हात पदरात बांधून धरून ठेवला होता, हलू नये म्हणून. धक्के बसू नयेत याची मी खरोखर काळजी घेत होते. आता तो हात मोडायचं काही कारण उरलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की हृदयाचं काही बिघडलेलं दिसत नाही, नशीब म्हणा. हात दोन जागी मोडला आहे आणि वरच्या ठिकाणी हाडाचे तुकडे झाले आहेत, सळी घालावी लागेल. त्यांनी विचारलं कशानं मारलं. मी सांगितलं, बांबूनं. ते म्हणाले, फार योग्य केलंत, हातानं ओढायला गेला असतात तर तुम्हीही चिकटला असतात. माझ्या फाटलेल्या ओठाकडं बघून त्यांनी विचारलं, तुम्हालाही झटका बसला का? मी हो म्हटलं.

संध्याकाळपर्यंत गोष्ट माझ्या पुढं निघून गेली होती. मजुरांनी गावभर सांगितलं होतं की पहिल्या फटक्यात हात सुटला नाही, म्हणून वैनीनं दुसरा घातला, आणि काय घातला. माझी नणंद मंगळवेढ्याहून आली, तिनं मला छातीशी धरलं आणि तू माझ्या भावाला परत आणलंस म्हणून रडली. माझ्या पाठीवर तिचा हात नेमका केबलच्या वळांवर पडत होता.

दुसऱ्या दिवशी पुढाऱ्याची माणसं दवाखान्यात आली. शाल, नारळ आणि फोटोवाला. त्यांनी खाटेशेजारी उभं करून माझा सत्कार केला. पांढऱ्या शर्टवाल्यानं चार शब्द सांगितले, की अशा बायका घरात असल्या म्हणजे माणसाला यमही हात लावत नाही. फोटोवाल्यानं अंकुशला सांगितलं की दादा, चांगला हात वैनीच्या खांद्यावर ठेवा. अंकुशनं डावा हात उचलला. मी आक्रसले. सवयीनं. हात खांद्यावर येऊन बसला, हलका, थंड. फोटो निघाला.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते. तो हात पुन्हा कामाचा झाला नाही. हाड जुळलं, पण बोटांत ताकद आली नाही, तर्जनी आणि अंगठा एकमेकांना टेकेनात. अंकुशला चमचा धरता यायचा, स्क्रू धरता यायचा नाही. मोटारीची ती केसाएवढी तार त्यानंतर मी जोडायला लागले. तो खुर्चीत बसून यंत्र ऐकायचा आणि सांगायचा, तिसरी मोटार बघ, तिचं बेअरिंग गेलंय. ते नेहमी बरोबर निघायचं. अनुजाला मी त्याच महिन्यात परत आणलं. त्याचा डावा हात नंतर कधी उठला नाही असं नाही. एकदा उठला, जेवताना, ताटावरून. मी घास खाली ठेवला आणि त्याच्याकडं बघत राहिले. अनुजाही बघत होती. त्यानं तो हात स्वतःच्याच तोंडावरून फिरवला आणि जेवायला लागला. दोन हिवाळ्यांपूर्वी तो गेला, झोपेत. अनुजा आता नोकरी करते आणि तिला यातलं सगळं ठाऊक आहे.

पण मला सांगायचं आहे ते सत्काराच्या दिवशीचं. माणसं गेली होती. नणंद खाली चहा आणायला गेली होती. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा भिंतीकडं तोंड करून झोपला होता. ऊन खिडकीतून अंकुशच्या पायांवर आलं होतं. मी शालीची घडी घालत होते.

"पद्मिनी," तो म्हणाला.

मी बघितलं. घटना घडल्यापासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. आवाज बसलेला होता.

"पहिल्यालाच सुटलो होतो मी."

"हो," मी म्हटलं.

"खाली पडलो होतो. तू दिसत होतीस मला. बांबू घेऊन उभी."

"हो."

त्यानं प्लास्टरकडं बघितलं. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं सुजून निळी पडली होती. त्यानं ती हलवायचा प्रयत्न केला. हलली नाहीत.

"पहिला मला सोडवायला होता," तो म्हणाला. "मग दुसरा कशाला?"

मी घडी पुरी केली, शाल पिशवीत घातली आणि मग त्याच्याकडं तोंड केलं.

"तोही सोडवायलाच होता," मी म्हटलं.

खाली रस्त्यावर कुठल्यातरी गाडीचा हॉर्न अडकला होता, तो वाजत राहिला आणि मग कुणीतरी बंद केला. अंकुशच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी ओघळून कानात गेलं. दुखण्याचं होतं की कशाचं, ते मी विचारलं नाही. पुसलंही नाही. त्याचं त्यानं डाव्या हातानं पुसलं.

"लतीफनं बघितलं?"

"बघितलं."

"काय म्हणाला?"

"बास म्हणाला," मी सांगितलं. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा बास म्हणाला. आन तेही मला."

त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. यंत्र उघडल्यावर आत कधी न बघितलेला भाग दिसावा, तसं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला की हे कुणाला सांगू नको.

गिऱ्हाइकांची यंत्रं गाळ्यात पडलेली होती, दुपारी त्यांतलं एक द्यायचं होतं, आणि नणंदेच्या चहाची वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता.

"गाळ्याच्या किल्ल्या कुठं आहेत?" मी विचारलं.

त्यानं डाव्या हाताचं बोट खुंटीवरच्या पँटकडं केलं. मी उठले, खिशातून किल्ल्या काढल्या, कमरेला खोचल्या आणि पायात चपला घातल्या.